सात जणी होत्या, आपण किती जणी आहोत?

(महिला दिनानिमित्त महासंघाने घेतलेल्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केल्यामुळे त्यांनी ते वार्तापत्रासाठी लिहून दिलं आहे.)

मागं उभ्या असलेल्या मावश्यांनो, पुढं या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण पाहुणे हार घेऊन गेले. आता आपणच आहोत. बसा.

मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, 'मुस्लिम महिलांचे हक्क'. विषयाची चिठ्ठी वाचून एका गटाच्या सचिव ताई मला म्हणाल्या, "म्हणजे आज आम्हाला सुट्टी. हा तुमच्यातला विषय." त्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना गाडीवर तेच डोक्यात होतं. तुमच्यातला, आमच्यातला. गटाच्या कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो, तेव्हा हे तुमच्यातलं-आमच्यातलं कुठं जातं?

मी सुरुवात माझ्या नानीपासून करते. माझी नानी निमगाव केतकीच्या पानमळ्यात पानं खुडायला जायची. तुकोबांची पालखी गावात आली की वारकऱ्यांसाठी चहाचं पातेलं आमच्याही दारात चढायचं. नाना वारले तेव्हा मी नववीत होते. मय्यत दारात होती आणि दोन-तीन म्हाताऱ्या बायका नानीला म्हणाल्या, "मेहर माफ कर त्यांना." नानीनं रडत रडत माफ केला. पुढं कधीतरी मी तिला विचारलं, "नानी, किती होता गं मेहर?" ती म्हणाली, "मला काय ठाव? पुरुषांनी ठरवला." नंतर मामानं काझींच्या वहीत बघून सांगितलं, एकशे सत्तावीस रुपये आठ आणे.

रक्कम किती, हा मुद्दा नाही. मेहर हा बायकोचा हक्क आहे, तो तिच्या हातात द्यायचा असतो, हे कुराणातच सांगितलंय. पण आपला हक्क किती आहे हे नानीला कळलं नाही, आणि तो सोडून दे म्हणून सांगायला मात्र सगळे आले. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं त्याचं एक कारण ही गोष्ट आहे.

आता माझी चूक सांगते. मोठ्या सभेत चूक सांगू नये म्हणतात, पण त्या चुकीतून मी जे शिकले ते एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

मी कामाला नुकतीच लागले होते. उजनीच्या पाण्याकडेला असलेल्या एका गावातला गट. अकरा जणी, त्यातल्या तीन मुस्लिम. गावाचं नाव सांगत नाही, त्या ताईचंही नाही. नाव न घेता सांग, असं तिनंच मला सांगितलंय. मासिक बैठकीत तिनं तीस हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? गप्प. सचिव म्हणाल्या, "कारण लिहावं लागतंय बाई." तेव्हा खाली बघून म्हणाली, "खोली भाड्यानं घ्यायचीय. डिपॉझिट भरायचंय." नवरा ड्रायव्हर, महिनोन्महिने बाहेर. त्यानं फोनवर तीनदा तो शब्द उच्चारला होता. त्याला अडीच महिने झाले होते. दीर म्हणत होता, इद्दत झाली की खोली रिकामी कर. अडीच महिने ती दर बैठकीला येत होती, बचत भरत होती, आणि आमच्यातल्या एकीलाही पत्ता नव्हता.

मी ताडकन उभी राहिले. २०१९ चा कायदा, कलमं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, सगळं पाठ होतं. "उद्याच पोलीस ठाण्यात जाऊ," म्हणाले. सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. ती मात्र बघत नव्हती.

पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी तिची मुलगी आली, पासबुकात घडी घालून ठेवलेली शंभराची नोट घेऊन. तेव्हा मला कळलं. तिनं बचत थांबवली नव्हती, माझ्यासमोर यायचं थांबवलं होतं.

त्या गटाच्या अध्यक्ष साठीच्या आहेत, धनगर समाजातल्या, मेंढरामागं आयुष्य गेलेल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, तू तिला कायदा सांगितलास. तिला काय पायजे ते इचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

मग आम्ही दोघी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. चहा झाला. शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा होता. अध्यक्ष तासभर पाऊसपाण्याचं, उसाचं, शेळ्यांचंच बोलल्या. मग ती आपणहून बोलली. तिला तीन गोष्टी पाहिजे होत्या. डोक्यावरची खोली जाऊ नये. पोरांच्या शाळेला दरमहा पैसे यावेत. आणि जमातीत तिचं तोंड बंद होईल असं काही होऊ नये. "त्याला तुरुंगात टाकून मला काय मिळंल? फीचे पैसे तुरुंगातनं येणार हायेत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तक्रार देणं माझ्या हातातही नव्हतं. त्या कायद्याखाली पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा तर तक्रार त्या स्त्रीनं, नाहीतर तिच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या माणसानंच द्यावी लागते. मी तावातावानं ज्याचं वचन देत होते, ते माझं नव्हतंच.

आता बाकीच्या ताईंनो, तुम्ही ऐकाच. कायदा काय सांगतो ते साध्या शब्दांत सांगते.

एका दमात तीनदा तलाक, तोंडी असो, चिठ्ठीवर असो, फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर असो, तो तलाकच नाही. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानो यांच्या खटल्यात तसा निकाल दिला आणि २०१९ ला संसदेनं कायदा केला. म्हणजे आमची ताई त्या फोननंतरही त्याची कायदेशीर बायकोच होती. याच कायद्यात तिला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता मागता येतो, लहान मुलांचा ताबा मागता येतो. तडजोड करायची असेल तर तीही तिच्या मर्जीनं, न्यायालयाच्या परवानगीनं होते.

राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे. तो कायदा सगळ्यांना आहे, हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन.

पोटगीचं कलम आधी १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालं. घटस्फोट झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं.

आणि बाईलाच लग्न मोडायचं असेल तर? १९३९ च्या कायद्यानं मुस्लिम स्त्री न्यायालयात जाऊ शकते. नवऱ्यानं दोन वर्षं पोसलं नाही, चार वर्षं त्याचा पत्ता नाही, छळ करतो, ही सगळी कारणं त्यात आहेत. खुलाचा मार्गही आहे. हा कायदा आपल्या नानी-दादीच्या काळातला आहे, पण तो त्यांना कुणी सांगितलाच नाही.

एक खरंही सांगून ठेवते. २०१९ च्या कायद्यानं सगळं मिटलेलं नाही. एका दमात दिलेला तलाक बंद झाला, पण महिन्या-महिन्याच्या अंतरानं दिला जाणारा एकतर्फी तलाक त्यात येत नाही. दुसरं लग्नही त्यानं थांबलेलं नाही. म्हणून "आता कायदा झालाय, काळजी नको," असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

हे हक्क आभाळातून पडलेले नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधान भवनावर एक मोर्चा गेला. किती जणी असतील? सात. सात मुस्लिम बायका. तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करणं बंद करा, एवढं सांगायला त्या रस्त्यावर उतरल्या. पुढाकार हमीद दलवाईंचा होता, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. पुढं २२ मार्च १९७० ला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. जोतिबांच्या सत्यशोधक समाजाचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं. १९७७ मध्ये वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी काम सोडलं नाही. गावोगाव फिरल्या, शिव्या खाल्ल्या. त्या जून २०१७ मध्ये गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्टमध्ये आला. अडीच महिन्यांनी हुकला त्यांचा.

पुण्यातले सय्यदभाई या कामात आले ते बहिणीला तलाक मिळाला म्हणून. घरातली आग होती ती. आयुष्यभर त्यांनी तलाकपीडित बायकांसाठी काम केलं, २०२० ला सरकारनं पद्मश्री दिली.

आणि जळगावच्या रझिया पटेल. १९८२ ला तिथं मुस्लिम बायकांना सिनेमाला जायला बंदी घातली होती. रझियाताई तेव्हा तरुण, माझ्याएवढ्याच. बायका गोळा करून त्या बंदीच्या विरोधात उभ्या राहिल्या. तुम्ही म्हणाल, सिनेमाचं काय एवढं? पण आज सिनेमाला जाऊ नको, उद्या बाजारात जाऊ नको, परवा गटाच्या बैठकीला जाऊ नको. बंदी अशीच वाढत जाते. आपल्यातल्या किती जणींच्या घरात ती वाढलीय, हात वर करायला सांगत नाही.

इंदूरच्या शहाबानो तर साठी ओलांडलेल्या होत्या. उच्च न्यायालयानं त्यांना महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवून दिली होती. त्यावर नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८५ ला शहाबानो तिथंही जिंकल्या. तेवढ्या पैशांवरून देशभर गदारोळ झाला, १९८६ ला कायदाच बदलला. मग २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या बदललेल्या कायद्याचाही अर्थ लावला, की नवऱ्यानं इद्दतीच्या काळातच तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. आपल्या मराठवाड्यातल्या एका बाईच्या पोटगीच्या खटल्यात औरंगाबाद खंडपीठानं २००२ ला सांगितलं, की 'मी तलाक दिलाय' असं नवऱ्यानं कोर्टात नुसतं लिहून दिलं म्हणून तलाक होत नाही. कारण दाखवा, समेटाचा प्रयत्न झाला होता का ते सिद्ध करा.

१९६६ ते २०१९, त्रेपन्न वर्षं. प्रत्येक वेळी कुणीतरी एक बाई कोर्टाची पायरी चढली म्हणून पुढचीला वाट मिळाली.

आता अवघड गोष्ट बोलते. बाई बोलायला लागली की घरातले म्हणतात, "गप्प बस, समाजाची बदनामी होईल." आणि ही भीती खोटी नाही. बाहेरचे काही लोक याच विषयाचा आधार घेऊन आमच्या सगळ्या समाजाला नावं ठेवतात. त्यांना आमच्या ताईच्या खोलीशी, पोरांच्या फीशी देणंघेणं नसतं. म्हणजे बाई दोन्हीकडून अडकते. आतले म्हणतात बोलू नको, बाहेरचे तिचं बोलणं उचलून तिच्याच भावाला मारायला वापरतात. म्हणून हिंदू ताईंना माझी हात जोडून विनंती आहे. आमची ताई बोलेल तेव्हा "त्यांच्यात असंच असतं" म्हणू नका. आपल्या गावात 'टाकलेली' हा शब्द काय फक्त मुस्लिम बाईला लावतात? तलाकचा शब्दही न उच्चारता सोडून दिलेल्या किती जणी माहेरी येऊन खुरपणीला जातात? अशा परित्यक्ता बायकांनी १९८८ ला संगमनेरला परिषद घेतली होती, ती उगीच नाही. आणि बुरखा घालून येणारी मागासलेली आणि डोईवरचा पदर ढळू न देणारी मर्यादेची, असं कुठं असतं?

मुस्लिम आपांना वेगळं सांगते. "दीनात बसत नाही," असं कुणी सांगितलं तर नम्रपणे विचारा, कुठं लिहिलंय? हजरत खदिजा स्वतः व्यापार करत होत्या. नवरा-बायकोत बिनसलं तर दोन्ही घरांकडचा एकेक मध्यस्थ बसवा, असं कुराणात आहे. फोनवर तीन शब्द बोलून मोकळं व्हा, असं नाही. गटाच्या व्याजाबद्दलही घरात कुरबुर होते, मला माहीत आहे. त्यावर निवाडा द्यायला मी आलीम नाही. पण ज्या घरात सावकाराचं व्याज चालतं आणि फक्त बायकोच्या गटाचं व्याज हराम ठरतं, तिथं अडचण व्याजाची नसते.

आता ताईचं पुढं काय झालं ते सांगते. तालुका विधी सेवा समितीकडून तिला वकील मिळाले, फुकट. कोर्टात मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, हे लक्षात ठेवा. पोटगीचा अर्ज टाकला. जमातीच्या मंडळींकडेही जायचं ठरलं, कारण तिला तेही हवं होतं. एक जण म्हणाले, "बायका कशा बसणार मीटिंगमध्ये?" आमच्या अध्यक्ष म्हणाल्या, "आत नगं. आम्ही पायरीवर बसतो, तुम्ही मोठ्यानं बोला." अकराच्या अकरा जणी पायरीवर बसल्या. आत सगळ्यांचं एकमत झालं नाही. पण जमातीतले एक वयस्कर चाचा दिराला म्हणाले, "ही तरीका बरोबर नाही. खोलीला हात लावू नको." खोली राहिली.

पोटगीच्या तारखा अजून पडताहेत. नवरा कधी येतो, कधी येत नाही. सगळं छान झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तीस हजार डिपॉझिटऐवजी तिनं नंतर आठ हजार कर्ज घेतलं आणि पिकोचं मशीन आणलं. हप्ता एकदाही चुकला नाही. आणि ती बैठकीला येते.

म्हणून आज प्रत्येक गटानं ठरावाच्या वहीत चार ओळी लिहून घ्याव्यात, एवढंच मागते.

पहिली. कुठलीही सभासद सलग दोन बैठकांना आली नाही, तर दंड लावायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं. चहा प्यायचा. घाई करायची नाही.

दुसरी. प्रत्येकीनं आपले कागद गोळा करायचे. मुस्लिम सभासदांनी निकाहनाम्याची प्रत काझींकडून मागून घ्यायची, मेहर किती लिहिलाय ते स्वतः वाचायचं, वाचता येत नसेल तर गटात वाचून घ्यायचं. सगळ्यांनीच ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, रेशन कार्डावर आपलं नाव, स्वतःच्या नावाचं पासबुक, एवढं एका पिशवीत ठेवायचं. ती पिशवी कुठं आहे हे गटातल्या एका मैत्रिणीला माहीत असावं.

तिसरी. नंबर भिंतीवर लिहायचे. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, मोफत कायदेशीर मदत १५१००.

चौथी ओळ माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या शिकून आलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आधी तिला काय पाहिजे ते विचारायचं. पोलीस ठाणं, कोर्ट की जमात, हे तिनं ठरवायचं. आपण तिच्यासोबत जायचं.

त्या दिवशी मुंबईत सात जणी होत्या. त्यांच्या मागं गट नव्हता, ठरावाची वही नव्हती, बैठकीला न आल्यावर घरी विचारायला येणारं कुणी नव्हतं. आज या मंडपात आपण चारशेच्या वर आहोत. ती ताईही इथंच बसलीय. कोण ते शोधू नका. तिला वाटेल तेव्हा ती स्वतः सांगेल.

चहा आलाय. वह्या काढा, चहा पिता पिता लिहून घेऊ.